फट् गेलं कुठं?

नाथाजींच्या अंगणातली गाडी रोज सकाळी सुरू व्हायची आणि कुठेही जायची नाही. बॅटरी उतरू नये म्हणून सुरू करतो, असं त्यांनी गल्लीला सांगून ठेवलं होतं. पण गाडी धडधडू लागली की त्यांच्या पत्नी मनुबाईही झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घ्यायच्या. झाडू एकाच जागी फिरायचा आणि कान गाडीकडे असायचे.

गाडी मुलाची, जयराजची. फौजेत जाण्याआधी त्याने त्या जुन्या मारुतीचा कार्ब्युरेटर बदलला होता आणि सायलेन्सर काढून मोकळी नळी बसवली होती. तेव्हापासून ती उभ्या जागी 'बुड-बुड-बुड-फट्' करायची. हा आवाज हायवेवरून उंब्रजच्या अलीकडे गावाकडे वळला की मनुबाई चुलीवर तवा ठेवायच्या. पोरगं दारात पोहोचेपर्यंत पहिली भाकरी टम्म फुगलेली असायची.

दीड वर्षाने जयराजचा घरी येण्याचा फोन आला. "आबा, सुट्टी मिळाली. शनिवारी कराडला उतरतोय. माझी गाडी घिऊन या. पण पीयूसी काढा आधी. तशीच हायवेला घालू नका."

"पीयूसी म्हंजी वं काय?" मनुबाईंनी विचारलं.

"धुराची परीक्षा."

"मग काळजी कशाची? जया कवा नापास झालाय?"

"बारावीला झाल्ता."

शुक्रवारी नाथाजी पेट्रोल पंपाजवळच्या पीयूसीच्या व्हॅनपाशी गेले. मनुबाई मागच्या सीटवर बसून आल्या होत्या. गाडीला कोण हात लावतंय, ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. व्हॅनमधल्या राणीने मशीनची नळी गाडीच्या नळीत सारली आणि आकडा बघून कपाळाला हात लावला.

"काका, निम्मं पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. त्यापरीस टाकीच नळीला जोडा की!"

नाथाजींनी गॅरेजवाल्या धनाजीला बोलावून घेतलं. त्याने बॉनेट उघडलं आणि स्क्रू जरासा फिरवला. पेट्रोल कमी झालं, हवा वाढली, मशीनवरचा आकडा उतरू लागला. राणी मान डोलावणार, एवढ्यात मागच्या सीटवरून हाक आली.

"थांब रं धनाजी! फट् गेलं कुठं?"

"काकी, फट् म्हंजीच धूर. उरलेलं पेट्रोल नळीत पेटतंय, त्येचाच आवाज त्यो."

"आसंल. परत आण त्येला."

धनाजीने स्क्रू मागे फिरवला. फट् आलं आणि धूरही आला. मग एकाच गाडीच्या दोन परीक्षा सुरू झाल्या. राणी मशीन वाचायची आणि मनुबाई डोळे मिटून ऐकायच्या.

"पास," राणी म्हणाली.

"नापास," मनुबाई म्हणाल्या.

स्क्रू फिरला.

"आता कसं, अगदी जयावानी," मनुबाई म्हणाल्या.

"आता नापास," राणी म्हणाली.

मागे गाड्यांची रांग लागली. टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आवं काका, परीक्षा गाडीची हाय का काकींची?"

नाथाजी वैतागले. मागचं दार उघडून ते पुटपुटले, "अगं, लोक हसत्यात. आवाजाचं एवढं काय घिऊन बसलीस?"

मनुबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "तुमी फौजेतनं यायचा ते यष्टीनं. रोज सांच्याला यष्टी यायची आन् तुमी त्यात नसायचा. जयाचं तसं न्हाई. आवाज आला म्हंजी त्योच."

नाथाजींनी दार हळूच लोटून घेतलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी धनाजीने तोड काढली. "काकी, आज पास करून घिऊ. स्क्रू कमी करतो, जुना सायलेन्सरबी चढवतो. कागद हातात आला की उद्या सकाळी परत तुमचं फट्."

मनुबाई कशाबशा कबूल झाल्या. गाडी पास झाली आणि घरी परतताना शेजारच्या कुत्र्यानेही मान वर केली नाही.

शनिवारी सकाळी नाथाजी गॅरेजवर गेले, तर कुलूप. त्यांनी धनाजीला फोन लावला.

"काका, कडेगावला आलोय. सासरा उसाच्या फडात अडकलाय. म्हंजी ट्रॅक्टर अडकलाय, सासरा वर बसलाय. उतरायलाच तयार न्हाई!"

जयराजची रेल्वे यायची वेळ होत आली होती. घरी जाऊन खरं सांगायची नाथाजींची छाती झाली नाही. ते तसेच कराडला गेले.

जयराज रापला होता, वाळला होता. पाया पडून गाडीत बसला आणि थोड्या वेळाने त्याने डॅशबोर्डवर तळवा टेकवला.

"आबा, ही चालू हाय?"

"आपण चाललोय की रं."

मग नाथाजींनी सगळं सांगितलं. टाकी नळीला जोडायचं ऐकून जयराज खदखदून हसला. यष्टीचं ऐकून मात्र तो खिडकीबाहेर बघू लागला.

"सोमवारी परत फट् करून घिऊ," नाथाजी म्हणाले.

"नगं आबा. तिकडं आवाजाला तोटा न्हाई. हितं आसंच बरं वाटतंय."

गाडी अलगद अंगणात येऊन थांबली. घरातून कोणी बाहेर आलं नाही. दोघं स्वयंपाकघरात गेले. पीठ मळून ठेवलं होतं, तवा मात्र भिंतीला टेकलेला होता. मनुबाई चुलीपाशी मागच्या खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. कानामागे हात धरलेला आणि नजर हायवेवर.

"आई," जयराज म्हणाला.

"गप बस वाईच," त्या मागे न बघता म्हणाल्या. "जयाची गाडी वळतीय का ऐकू दे."

नाथाजींनी काही बोलायला तोंड उघडलं, पण जयराजने हाताने थांबवलं. तो आईच्या पाठीशी वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बुड-बुड-बुड-फट्."

मनुबाईंनी पटकन तवा चुलीवर ठेवला. पिठाचा गोळा घेतला, थापला, भाकरी तव्यावर टाकली. मग त्यांचा हात हवेतच थांबला.

त्या दिवशीची पहिली भाकरी करपली. उलटायला कोणी मोकळं नव्हतं.