किसनरावांचे अस्तर

शिरूरच्या आमच्या आळीतील किसनराव पेंटर कोणाच्याही घरी गेले, की यजमानाला नमस्कार करण्याआधी त्याच्या दाराला, ट्रंकेला, सुपाला टिचकी मारीत. "ह्येच्यावर तैलरंग टिकंल," किंवा "न्हाई टिकायचा," असा निर्णय झाल्यावरच ते पाण्याच्या तांब्याला हात लावीत.

कॅनव्हास त्यांना वर्ज्य. दौंडच्या भंगारातून आणलेले पत्रे ते चिंच व राखेने घासीत. लाकडाला दोन्ही अंगांनी सरस पाजीत, त्यावर जवसाच्या तेलात कालवलेल्या पांढऱ्या सफेत्याचे तीन हात देत आणि प्रत्येक हातानंतर काचकागद फिरवीत. "आधी अस्तर, गुरुजी! अस्तर कच्चं, तर देवाचं चित्र बी पोपडं धरतंय!" हे वचन त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवले, की संध्येला बसल्यावर आचमनानंतर मला तेच स्फुरू लागले.

एकदा त्यांना आमच्या सागवानी पाटाचा मोह पडला. नुसता सरस लावून त्यांनी तो परत आणला, तो नेमका माझ्या वडिलांच्या श्राद्धाच्या सकाळी. दौंडहून आलेले वयोवृद्ध शास्त्रीबुवा ओलेत्या सोवळ्याने त्यावर बसले. पाणी लागताच सरस जागा झाला. भोजनोत्तर "तृप्तोऽस्मि" म्हणून शास्त्रीबुवा उठले, आणि त्यांच्यासह पाटही उठला.

मी पाट धरून ओढू लागलो. गडबड ऐकून किसनराव धावत आले.

"वढू नका गुरुजी, अस्तर निघंल!"

"अहो, हे चिकट आहे तरी काय?" शास्त्रीबुवांनी विचारले.

"सरस जी. जनावराच्या कातड्याचा. एक नंबर माल!"

शास्त्रीबुवांनी पाटासकट विहीर गाठली.

सायंकाळी मी कठोर शब्दांची जुळवाजुळव करून किसनरावांच्या खोलीवर गेलो. चहूकडे पांढरीशुभ्र अस्तरे: फळ्या, पत्रे, झाकणे. चित्र मात्र एकही नाही.

"चित्रे कोठे आहेत?"

"न्हाईत." ते खाली बसले. "भात्तर सालच्या दुष्काळात आमची मंडळी गेली. तवा घाईनं पिठाच्या पोत्यावर तिचं तोंड काढलं. सरस न्हाई, काय न्हाई. तेलानं कापडच खाल्लं. फोटू तर कवा काढलाच न्हाई. आता फळ्या तयार हायत, पर ध्यानातलं तोंड फिकं व्हत चाललंय. गुरुजी, तुम्ही सत्यनारायणाला यायचा. तीळ कंच्या गालावर व्हता?"

परस्त्रीकडे मान वर करून पाहू नये, हा गुरुगृहीचा नियम मी आजन्म पाळला होता. त्याचे ओझे प्रथमच जाणवले.

"किसनराव, मुख मी पाहिले नाही. तीर्थ घेताना हात तेवढे पाहिले."

"कसं व्हतं?"

"उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग. डावा तळहात खाली, आणि थेंब सांडू नये म्हणून मध्ये पदर."

त्यांनी एक फळी भिंतीला टेकवली, कोळसा उचलला. "डाग केवढा, गुरुजी?"

मी उपरण्याचे टोक हातांमध्ये घेतले आणि तशीच ओंजळ धरून त्यांच्यासमोर बसलो.