गोलामागचे टेकचंदजी

टेकचंदजी कोणाच्याही घरी गेले की आधी दारात उभे राहतात. पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून, चौकटीच्या बरोबर मध्ये. "आत या," म्हटलं तर म्हणतात, "येतो ना जी. पहले अँगल पाहू द्या." तेवढ्या वेळात आमचं मांजरसुद्धा बाहेर जाऊ शकत नाही.

लग्नाच्या पंगतीत ते भिंतीला पाठ लावूनच बसतात. "बुंदी कोन्या साइडनं येऊन राहिली, दिसलं पाहिजे."

वय साठीच्या आसपास. वीस वर्षं गोलकीपर होते. नागपूर, रायपूर, बिलासपूर, जबलपूर. कुठल्या संघाच्या गोलकीपरचं बोट मोडलं की यांना बोलावणं यायचं. बोट जुळलं की परत. असे अकरा संघ मी त्यांच्याकडून लिहून घेतले. दोन संघांची नावं त्यांना आठवेनात, पण कोणाचं कोणतं बोट मोडलं होतं ते आठवत होतं.

आता ते नवेगाव बांध इथे आमच्या शाळेच्या मुलींना शिकवतात. मी संघाची मॅनेजर. बूट, बाटल्या, बँडेज आणि टेकचंदजी सांभाळते. धान कापलं की एका बांधीतली, म्हणजे भातखाचरातली, धसकटं काढून आम्ही मैदान करतो. ते थोडं अपुरं पडतं, म्हणून कॉर्नर धुऱ्यावर, म्हणजे खाचराच्या बांधावर, चढून मारावा लागतो. गोंदियाच्या खऱ्या मैदानावर आमच्या मुली कॉर्नर मारण्याआधी मागे वळून धुरा शोधतात.

टेकचंदजींची एक खोड मात्र जाईना. मॅच सुरू झाली की बाकावरून उठून आमच्या गोलामागे जायचं आणि गोलकीपर वैशालीशी पुटपुटत राहायचं. हे नियमात बसत नाही. जिल्हा स्पर्धेच्या सेमीफायनलला रेफ्रीने सक्त ताकीद दिली. त्यातच जिल्ह्याच्या मुलींच्या संघाचा कोच निवडायचा होता. निवड समितीतल्या एकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "नाव पक्कं आहे, मॅडम. पण फायनलमध्ये एक जरी तक्रार आली तर कटलं समजा."

जन्मभर दुसऱ्याच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाला पहिल्यांदा स्वतःची जागा मिळणार होती. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं.

"बसतो ना जी. खुटा गाडल्यावानी बसतो."

पहिला हाफ ते खरंच बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. दुसऱ्या हाफमध्ये आमचे चार गोल झाले. मी बाटल्या भरायला वाकले, वर पाहिलं तर बाक रिकामा.

ते गोलामागे उकिडवे बसले होते. आमच्या नव्हे, समोरच्यांच्या. ओठ हलत होते.

त्यांचा कोच ओरडत धावला, "रेफ्री! ये आदमी हमारी लडकी को गलत सिखा रहा है!" खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. रेफ्रीने लाल कार्ड काढलं. टेकचंदजी निमूटपणे उठले, पँट झटकली. हाताला मोठे होणारे मोजे घातलेली ती बारकीशी गोलकीपर रेफ्रीला म्हणाली, "सर, राहू द्या ना त्याइले." पण तेवढ्यात खेळ पुन्हा सुरू करायची शिट्टी वाजली.

मॅच आम्ही जिंकलो. लेखी तक्रार आली. बक्षीस समारंभाआधीच नाव कटल्याचं मला कळवण्यात आलं.

ते फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी उभे होते. मी नाव कटल्याचं सांगितलं.

"काऊन गेले तुम्ही तिकडे?" मी चिडूनच विचारलं. "आपण तर जिंकत होतो!"

"म्हनूनच त गेलो जी. आपली वैशाली खुशीत होती. त्या पोरीनं चार गोल खाल्ले. चार गोल खाल्ल्यावर टीमचे लोकं गोलकीकडं पाहत बी नाहीत. वीस वर्सं पाहून राहिलो मी."

"आणि तिला शिकवत काय होता?"

"शिकवत?" त्यांनी चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. "चालू मॅचमंदी कोनाले काय शिकवता येते, मॅडमजी? तुमच्या बांधीतली लाखोळीची डाळ निंगाली का, इतलंच विचारलं. निंगाली म्हने. औंदा दाना बी चांगला भरला म्हने."