विस्तारित योजनेचे पहिले लाभार्थी

गर्भवतींना लोह आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी योजनेचा विस्तार कसा करावा, यावरचा जाडजूड अहवाल मी लिहिला आहे. तेव्हा माझ्याच लेकीची गोळी चुकणे म्हणजे सूर्याने पूर्व दिशा विसरणे!

लेकीला सहावा महिना. रक्त कमी, आणि तिच्या केंद्रातल्या गोळ्या संपलेल्या.

"बाबा, दुकानातून आणू का?"

"अगं, मी समितीवर आहे! उद्या योजनेच्या उद्घाटनाला ये, गोळ्या तिथेच मिळतील."

उद्घाटनाच्या दालनात विस्तारित योजनेचा पहिला, आणि तूर्त एकुलता एक, डबा फुलांत विराजमान होता. पुढच्या रांगेतल्या एका गर्भवतीने विचारले, "साहेब, यानं काही होत नाही ना?"

"काय व्हायचंय? हे बघा!" सचिवांनी गोळी गिळली. टाळ्या!

"साहेब, फोटो हुकला!" छायाचित्रकार ओरडला.

साहेबांनी दुसरी गिळली. साहेबांनी गिळल्यावर उपसचिवांनी न गिळणे हा शिस्तभंगच! मग संचालक, उपसंचालक, त्यांचे सहायक... मुंग्यांनी साखर लांबवावी तसा डबा रिता होऊ लागला.

मी संतापून उभा राहिलो. "महोदय, हे प्रात्यक्षिक नव्हे, ही न्याहारी आहे!"

"का हो प्रोफेसर, स्वतःच्याच योजनेवर भरवसा नाही?"

विद्वत्तेला डिवचले की ती तोंड उघडते. मीही उघडले. ती डब्यातली शेवटची गोळी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खे खाते आपापल्या शौचालयात हादरले. काळे! कोळशासारखे कुळकुळीत!

सचिवांचा फोन आला. "प्रोफेसर, तुमचंही?"

"माझंही!"

"आतून रक्तस्राव! संपलो आपण!"

गोळी गर्भवतींची, म्हणून धाव गर्भवतींच्याच डॉक्टरीणबाईंकडे. बाकांवर पोट धरून अधिकारी, भिंतीशी ताटकळत गर्भवती. त्यांतच माझी लेक.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना एकदमच निकाल ऐकवला. "लोहानं असंच होतं. घरी जा!"

"सुटलो!" सचिव बाळंत झाल्यासारखे उद्गारले.

बाई लेकीकडे वळल्या. "रक्त फारच कमी आहे गं. तुझ्या गोळ्या कुठायत?"

लेकीने आमच्या बाकाकडे बोट दाखवले.

"काल यांच्या पोटात होत्या, बाई. आज सकाळी तिथूनही गेल्या."

मी उठून तिला जागा दिली आणि औषधाच्या दुकानाकडे निघालो. योजनेच्या विस्ताराला माझा पाठिंबा आजही अढळ आहे. फक्त मान्यवरांना अल्पोपाहार उद्घाटनाआधी द्यावा, एवढी दुरुस्ती मी सुचवली आहे.