चार्ज देण्याबाबत

मोठे कारकून एकतीस तारखेला निवृत्त झाले. लेकीचे दिवस भरत आले होते, बायकोने पिशव्या बांधून ठेवल्या होत्या, सकाळच्या गाडीची तिकिटं खिशात होती. कारकुनांनी सहा कपाटांच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि ‘चार्ज दिला’ असं एका ओळीचं पत्र साहेबांपुढे सरकवलं.

साहेब नवे होते, म्हणजे वाचून सही करत.

“‘चार्ज’ शब्द इंग्रजी आहे. परक्या शब्दाचा अर्थ नक्की झाल्याशिवाय सही करू नये, असं परिपत्रक आहे.”

“कधी निघालं, साहेब?”

“निघतंय. टाइप होतंय.”

ग्रंथपालांनी दोन्ही हातांनी शब्दकोश आणला. आरोप, आकार, हल्ला, विजेचा भार, तोफेतली दारू, सांभाळायला सोपवलेलं मूल. अर्थ संपेनात. प्रत्येक अर्थ त्या त्या विभागाकडे अभिप्रायाला गेला. वीज विभागाने कारकुनांना तपासून ‘प्रवाह आढळला नाही’ असं कळवलं. सुरक्षा विभागाने हल्ल्याची शक्यता गृहीत धरून त्यांचा पेपरवेट जप्त केला. विधी विभागाने आरोप विचारला. आरोप नाही म्हटल्यावर ‘लपवालपवी दिसते’ असा शेरा मारला.

“अहो, मुलगी झाली लेकीला,” एकटीच पुढे गेलेल्या बायकोचा तिकडून फोन आला. “किल्ल्या टाका टेबलावर आणि या बरं.”

“टाकल्यात गं. पण टाकणं म्हणजे देणं नव्हे म्हणतात.”

अखेर व्युत्पत्ती समितीने मूळ शोधलं: हा शब्द फार पूर्वी गाडीवर ओझं लादणं या अर्थी होता. निष्कर्ष शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात: ‘लादलेलं ओझं गाडी स्वतः उतरवत नाही. सबब, कोणी उतरवून घेईपर्यंत ते कारकुनांनीच वाहावं. उतरवून घेणारं पद रद्द झालं आहे.’

अहवालावर नागरिकांच्या हरकती मागवल्या. एक जरी हरकत आली तरी अहवाल रद्द होणार होता. तो सह्यांच्या वहीसकट दाखल्यांच्या खिडकीशी दोरीने बांधला. दाखला हवा असेल त्याने आधी ‘वाचलं, समजलं, मान्य’खाली सही करायची. खिडकीवर बसायला माणूस नव्हता, म्हणून कारकुनांनाच बसवलं.

“शेवटचं पान तेवढं वाचा हो,” ते प्रत्येकाला विनवत. “नात चालायला लागलीय माझी.”

“अभिनंदन. सही कुठे करू?”

चौदाशे सह्या झाल्या, हरकत शून्य. कारकून अजून खिडकीवर आहेत. परवा त्यांनी मला वही उलगडून दाखवली. तुमची सही लगेच ओळखू आली; पेनसुद्धा तुम्ही त्यांचंच मागून घेतलं होतं.