डबा आणि पुढची दोन माणसं

गुढीपाडव्यापासून कोल्हापुरातल्या त्या बोळात फुटबॉलमधला ऑफसाइडचा नियम लागू झाला. मैदानावर तो कुणालाच कळत नव्हता आणि दर सामन्याला डोकी फुटत होती. तेव्हा दोन्ही पेठांच्या तालमींनी ठरवलं, की कळेपर्यंत तो घरीदारी पाळायचा.

धोंडिबा सरनाईकांना त्याचं काही वाटलं नसतं. पण लेक वैजू पलीकडच्या पेठेत दिलेली, तिला सातवा महिना, आणि आईच्या हातच्या अंबाडीच्या भाजी-भाकरीशिवाय तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. मधे नळासाठी चर खणलेला. धोंडिबा हात पसरून, तोल सावरत फळीवरून आधी पलीकडे जात; मग त्यांची बायको बायजाक्का चरावरून डबा पुढे करी.

त्या दिवशी डबा तिच्या हातून सुटला आणि लाइनमन शामरावांनी निशाण वर केलं.

"आता काय झालं?"

"ऑफसाइड. डबा सुटताना तुमच्या पुढं, लेकीच्या दाराआधी, तिच्या पेठेची दोन माणसं पाहिजेत. एकच हाय. तुमच्या विहीणबाई, उंबऱ्यात."

"आणि ह्यो तिच्याच पेठेचा गजाप्पा? आत्ता कट्ट्यावर बसला हुता की!"

"हुता. डबा सुटायच्या आधी उठून तुमच्या मागं आला."

"तंबाखू थुकायला आलो, मामा," गजाप्पा चौगुले म्हणाला. शिक्षा म्हणून डबा त्याच्या हातात गेला. त्यानं नियमाप्रमाणे एक भाकरी काढून घेतली आणि डबा बायजाक्काला परत दिला.

दुसऱ्यांदाही निशाण वर.

"शामराव, मी डबा धरला तवा गजाप्पा कट्ट्यावर हुता. माझ्या डोळ्यांनी बघितला."

"धरला तवाचं बघत न्हाईत. सुटला तवाचं बघत्यात."

"अहो, लेकीकडं जाणाऱ्यानं पुढं बघायचं का मागं?"

"दोन्हीकडं."

धोंडिबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. त्यांना ओरडता येत नसे.

"अण्णा," वैजूनं आतून हाक दिली, "भाजी गार झाली तर चालंल. भाकरी तेवढी शिल्लक ठेवा."

एकच उरली होती. गजाप्पाच्या तोंडात घास होता. त्यानं या वेळी डबा बायजाक्काकडे नुसता भिरकावला. तो तिच्या शेजारच्या, मैदानाची कडेची रेघ धरलेल्या गटारापलीकडे जाऊन पडला. झाकण घट्ट होतं.

"थ्रो-इन," शामराव म्हणाले. "सरनाईकांचा. ह्याला ऑफसाइड नसतो."

धोंडिबा त्यांच्याकडे वळले. "हे सकाळीच सांगायचं न्हाई व्हय?"

"सकाळी डबा गटारापलीकडं गेला नव्हता."

धोंडिबा विहीणबाईंनाही ओलांडून लेकीशेजारी जाऊन उभे राहिले. बायजाक्कानं पदर खोचला, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि दोन्ही हातांनी डोक्यावरून डबा फेकला. तो धोंडिबांच्या पोटावर आदळला. वैजूनं उभ्यानंच भाकरी खाल्ली. निशाण खालीच होतं.

तेवढ्यात अर्धा वेळ संपला आणि बाजू बदलल्या. आता रिकामा डबा सरनाईकांच्या घराकडे न्यायचा होता, आणि तिकडे पुढे लेकीच्या पेठेचं एकही माणूस नव्हतं. धोंडिबा उंबऱ्यावर बसले.

विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि चप्पल घातली. "ऊठ रं गजाप्पा. ह्यास्नी घरी जायचं हाय."

दोघं फळी ओलांडून बायजाक्काच्या ओट्यावर, दाराला पाठ लावून बसली. मागोमाग धोंडिबा सावकाश चर ओलांडून गेले. वैजूनं चरावरून डबा दिला. शामराव हलले नाहीत.

"उद्या चार भाकऱ्या जास्त थाप," धोंडिबा बायकोला म्हणाले. "पुढं माणसं लागत्यात."