गतिरोधकासाठी भरधाव

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी तीस वर्षांत गाडीचा काटा चाळिसाच्या पुढे जाऊ दिला नव्हता, आणि ही गोष्ट ते ऐकणारा मिळाला की सांगत. ऐकणारा नसला, तर शेजारच्या सीटवरच्या शिकाऊ उमेदवाराला सांगत; तो बिचारा चालत्या गाडीतून जाणार कुठे? निम्म्या गावाचे हात स्टिअरिंगवर त्यांनीच बसवलेले. तेव्हा आपल्या गल्लीत एक गतिरोधक घालून घेणं त्यांना डाव्या हातचा मळ वाटलं, यात नवल नाही.

गतिरोधक हवा होता तो वहिनींसाठी. वहिनी म्हणजे मास्तरांच्या पत्नी. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणायची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या वॉकर घेऊन चालत, आणि त्यांची थोरली बहीण राहायची बरोबर समोर, रस्त्यापलीकडे. एकीचा गुडघा नवा, दुसरीचे डोळे जुने. मधे चोवीस फुटांचा रस्ता आणि त्यावरून सुसाट सुटलेली वाहनं. तीन महिने दोघी आपापल्या गॅलरीत उभ्या राहून एकमेकींशी फोनवर बोलत होत्या. फोन ठेवला की वहिनी कठडा धरून बराच वेळ तशाच उभ्या राहत. मास्तरांना ते बघवत नसे.

"मी हात धरून नेतो की," ते म्हणत.

"एकदा नेलंत. रस्त्याच्या मधोमध मला उभं करून गाडीवाल्यांना नियम शिकवत बसलात. पुन्हा नको."

मग मास्तरांनी अर्ज केला. रस्ते खात्याच्या अभियंता बाईंचं उत्तर आलं: गुरुवारी सकाळी अकरा ते बारा वेग मोजण्यात येईल, बहुतेक वाहनं चाळीसच्या वर गेली तर गतिरोधक, नाहीतर वर्षभर पुन्हा अर्ज करता येणार नाही.

"मिळालाच म्हणून समजा," मास्तरांनी वहिनींना सांगून टाकलं. "इथे चाळीसच्या खाली जातं कोण? मी सोडून."

इथवर सगळं ठीक होतं. पण नुसतं ठीक असलेलं मास्तरांना कधी पुरलंय? बुधवारी ते घरोघर फिरले. "उद्या सगळ्यांनी बाहेर या. बाईंना आपली एकजूट दिसली पाहिजे."

गल्लीतली माणसं मोठ्या मनाची. वहिनींसाठी म्हटल्यावर कोण घरात बसणार? अकराच्या आत दोन्ही कडांना खुर्च्या लागल्या. कोपऱ्यावरचा न्हावी तर दुकानातली खुर्ची गिऱ्हाइकासकट बाहेर घेऊन आला. गिऱ्हाइकाच्या एका गालाला साबण होता, दुसरा तासून झाला होता. मास्तरांचा ऊर भरून आला. त्यांनी प्रत्येकाचे वेगवेगळे आभार मानले, साबणवाल्यांचेही.

बाईंनी तिकाटण्यावर यंत्र लावलं, वही उघडली, आणि मास्तर त्यांच्या शेजारी हाताची घडी घालून उभे राहिले.

पहिला आला दुधाचा टेम्पो. रोज हा टेम्पो गेला की खिडक्यांची तावदानं थरथरायची. आज त्याने दुरून खुर्च्या पाहिल्या, वही घेतलेल्या बाई पाहिल्या, त्यांच्या शेजारी आपले मास्तर पाहिले, आणि सरळ पाठीने, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तो इतक्या हळू आला की शेजारून चाललेलं कुत्रं त्याच्या पुढे गेलं.

"चौदा," बाई म्हणाल्या.

मास्तर टेम्पोच्या खिडकीशी धावले. "अरे, असा काय येतोस? नेहमीसारखा जा ना!"

"नेहमी असाच जातो, मास्तर," टेम्पोवाला बाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. मग त्याने हळूच विचारलं, "परत परीक्षा घेताय काय हो सगळ्यांची? लायसन काढून घेणार?"

झालं. पुढच्या चौकात त्याने ही बातमी सोडली आणि ती गावभर पसरली. गावाने आपल्या मास्तरांचा मान राखायचं ठरवलं. एकेक गाडी यायची ती सिग्नल देत, आरसा बघत, मास्तरांना हात करत. एका रिक्षावाल्याने तर गल्लीच्या तोंडाशी थांबून आधी उजवीकडे, मग डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे पाहिलं. बाईंच्या वहीत अकरा, सोळा, नऊ असे आकडे उतरत गेले. मास्तर हातवारे करून "पळवा, पळवा" म्हणू लागले, तसे लोक जास्तच सावध झाले. हा नक्की फसवा प्रश्न असणार.

"तुम्ही चांगलं शिकवलंय सगळ्यांना," बारा वाजायला दहा मिनिटं असताना बाई म्हणाल्या. "इतका शहाणा रस्ता मी पाहिला नाही. गतिरोधकाची गरज दिसत नाही."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे आणखी एक वर्ष उभं राहिलं: दोन गॅलऱ्या आणि दोन फोन. ते मागच्या बाजूने आपल्या गाडीशी गेले, बसले, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला वळून आले. गाडीच्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी होती. ती काढायचं भान त्यांना राहिलं नाही. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. काटा चाळिसाला टेकला तेव्हा त्यांना घाम फुटला. तो चाळिसाच्या पुढे गेला.

इकडे वहिनींनी गॅलरीतून पाहिलं, की आज रस्ता तीन महिन्यांत कधी नव्हता इतका निवांत आहे. त्यांनी वॉकर घेतला, पायऱ्या उतरल्या आणि कुणाला न सांगता रस्ता ओलांडायला सुरुवात केली.

मास्तरांना त्या दिसल्या. त्यांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. टायर किंचाळले, आणि गाडी वहिनींपासून चांगली तीन गाड्यांच्या अंतरावर थांबली. खुर्च्यांवरची सगळी माणसं उभी राहिली. एकटे साबणवाले बसून होते. त्यांच्या गळ्याशी वस्तरा होता.

वहिनींनी गाडीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आत घामाने निथळणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. "एवढी कसली घाई?" त्या म्हणाल्या, आणि वॉकर उचलत, टेकत पलीकडे पोचल्या. फाटकात बहीण हात पुढे करून उभी होती.

"त्रेचाळीस," बाई म्हणाल्या, आणि बराच वेळ लिहीत राहिल्या.

पंधरा दिवसांत गतिरोधक आला, पांढऱ्या पट्ट्यांसकट. सोबत आलेला कागद न्हाव्याने दुकानात मोठ्याने वाचला. नियमाने वेग भरत नव्हता. पण एका ज्येष्ठ चालकाने भरधाव येऊन आजारी पादचाऱ्याला धोका निर्माण केल्याचं बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून खास बाब म्हणून मंजुरी. शेवटी एक ओळ होती: सदर चालकाने जवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पुन्हा प्रशिक्षण घेऊन दाखला सादर करावा.

गावात ड्रायव्हिंग स्कूल एकच होतं.

गल्ली पोट धरधरून हसली, आणि मास्तरही हसले. मनातून ते सगळ्यांचे ऋणी होते: खुर्च्यांचे, साबणवाल्यांचे, हळू जाऊन घात करणाऱ्या टेम्पोवाल्याचे, आणि ज्यांनी ती शेवटची ओळ लिहिताना नक्कीच ओठ दाबून धरले असतील त्या बाईंचेही. त्यांनी प्रामाणिकपणे आठ दिवस स्वतःला शिकवलं. पण दाखल्यावर शेरा लिहायची वेळ आली तेव्हा पेन अडलं. स्वतःला पास कसं करायचं?

कागद घेऊन ते रस्ता ओलांडून मेहुणीकडे गेले. वहिनी आता दुपारभर तिथेच असत. वहिनींनी कागद वाचला, बहिणीला वाचून दाखवला, दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग वहिनींनी पेन मागितलं आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं:

'वेळेवर थांबतात. पास.'