भेग प्लास्टरमधली

इमारत आणि माणूस यांच्यात फारसा फरक नाही. वय झाले की दोघांनाही भेगा पडतात, आणि त्यांच्याकडे बोट दाखवणे हे दोघांच्याही बाबतीत वाईट संस्कारांचे लक्षण मानले जाते. आमची चार मजली काँक्रीटची इमारत या दृष्टीने अत्यंत सुसंस्कृत आहे. तिची अध्यक्ष मी. (बाकी सर्वांना कामे असतात.)

इमारत उभी राहत होती तेव्हा मी नवी नवरी होते. ओल्या स्लॅबवर पाणी मारायला यांच्याबरोबर हौसेने यायचे. तळमजल्याला भिंती नाहीत, नुसते खांब. ती जागा गाड्यांसाठी. तेव्हा आमच्यापैकी एकाकडेही गाडी नव्हती. म्हणजे आमची इमारत पहिल्यापासून आशेवरच उभी आहे.

परवाचा भूकंप तसा लहानच. भांडी वाजली, दिवे झुलले, शेजारच्या शिंपीणबाईंनी दोन वर्षांचा अबोला सोडून माझा हात धरला. खाली जाऊन पाहिले तर खांबांच्या माथ्याशी काँक्रीट सुटून सळया बाहेर डोकावत होत्या. घराघरांतल्या भिंतींवर तिरक्या फुल्या उमटल्या होत्या, मास्तरांनी चुकलेल्या गणितावर माराव्यात तशा. आम्ही तातडीने सभा घेऊन भेगांची वर्गवारी केली: केसाएवढी, नखाएवढी, आणि चमचा उभा राहील अशी. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांकडे चमच्याची निघाली. त्यांना थोडा अभिमानच वाटला.

मग इंजिनिअर आले. तरुण, विनोदबुद्धी बेताची. त्यांनी प्रत्येक भेगेवर काचेची आडवी पट्टी चिकटवली.

"पट्टी तडकली की भेग वाढतेय असं समजायचं," ते म्हणाले. "मग सगळ्यांनी घरं रिकामी करायची. खांबांना बाहेरून नवीन काँक्रीट चढवावं लागेल. सात-आठ महिने धरा."

"तोवर आम्ही राहायचं कुठे?"

"मुलांकडे." (अविवाहित असावेत.)

मुलांकडे गेलेले म्हातारे माणूस परत येत नाही, हे आकडेवारीने सिद्ध झालेले आहे. समोरच्या इमारतीतून दुरुस्तीसाठी अकरा म्हातारी माणसे गेली. परतले एक, तेही विसरलेला चष्मा न्यायला.

आठवडाभरात बहुतेक पट्ट्या तडकल्या. कार्यकारिणीने परिस्थितीचा साधकबाधक विचार करून काच निकृष्ट दर्जाची असल्याचा निष्कर्ष काढला, आणि सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूब आणून त्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. त्यानंतर एकही तुटली नाही. 'भेग प्लास्टरमधली असून खांबांचा तिच्याशी काहीही संबंध नाही' हा ठराव बहुमताने मंजूर झाला. इंजिनिअर पुन्हा आले आणि त्यांनी एक पट्टी बोटाने ओढून पाहिली.

"आजी, रबर तुटत नाही. ताणतं."

"म्हणून तर आणलं."

शोभेचा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवला. कॅलेंडरे, तसबिरी, आरसे भेगांवर गेले. भेगांना माणसाच्या नजरेची उंची कळत नाही, त्यामुळे ह्यांचा फोटो माझ्या गुडघ्याशी आला. जन्मभर माझ्या डोक्यावरून बोललेला माणूस.

अशा रीतीने सर्व सुरळीत असताना माझी लेक बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"आई, चल माझ्याकडे. आमची बिल्डिंग नवी आहे, तिथे काही झालं नाही."

"मला काय धाड भरलीय? भेग प्लास्टरमधली आहे."

"नक्की?"

"ठराव झालाय."

"बरं. मग मीच राहते इथे." आणि तिने बॅग आतल्या खोलीत, बरोबर भिंतीवरच्या फुलीखालच्या खाटेवर ठेवली.

मी चहा टाकला. चहा उकळेपर्यंत मी खाट ओढून दाराजवळ आणली होती. या वयात, एकटीने.

"हे काय गं?"

"इथे वारा चांगला लागतो."

"पंखा तिकडे आहे, आई."

बहुमताचा ठराव लेकीला लागू होतो काय, हा पेच कार्यकारिणीपुढे नव्याने उभा राहिला. मी सभा बोलावली आणि एवढेच विचारले, "तुमची मुलंनातवंडं राहायला आली, तर त्यांची गादी कुठे घालाल?" हेडमास्तर चष्मा पुसत बसले. शिंपीणबाई म्हणाल्या, "मी तर मुलीला येऊच नको म्हणून कळवलंय." ठराव रद्द झाला. इंजिनिअरना फोन मीच केला. त्यांनी चिडवले नाही. विनोदबुद्धी खरोखरच बेताची.

आता इमारत टेकूंवर आहे आणि मी लेकीकडे, सातव्या मजल्यावर. सगळे नवे, गुळगुळीत. फक्त जेवणाच्या खोलीत एक कॅलेंडर गुडघ्याच्या उंचीवर आहे.

"इतक्या खाली का गं?"

"मुलांना दिसावं म्हणून."

मुले दोन. धाकटा सहा फूट आहे.

तिथली अध्यक्ष मी, इथली लेक. तिनेही ठराव केलाच असेल. पण जेवताना माझी खुर्ची मी थोडी सरकवून घेते, आणि लेकीचीही.

तुमचे हसून झाले असेल तर एक सांगते. तुमच्या घरातली सगळ्यात विचित्र जागी लावलेली तसबीर कोणती, ते मला ठाऊक नाही, तुम्हाला आहे. ती काढून बघा असे मी म्हणणार नाही. (वाईट संस्कार.) तिच्याखाली कोण झोपते, एवढेच आठवा.